कुंचीचा क्लास

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत आजवर घडलेली एकही गोष्ट माझ्या आतेसासूबाईंना कळायची राहिलेली नाही, आणि कळलेली एकही गोष्ट त्यांच्यापाशी राहिलेली नाही. आमच्या ग्रामपंचायतीने मध्यंतरी सूचना द्यायला देवळावर भोंगा बसवला होता. दोन महिन्यांत तो काढून ठेवला. भोंगा चांगला होता, आवाजही खणखणीत होता, पण त्याच्यावर सूचना यायची तोवर गाव ती ऐकून, त्यावर भांडून, जेवून लवंडलेलं असायचं. सरपंचांनी शेवटी व्यवहार पाहिला. भोंग्याला वीज लागते, आत्याबाईंना चहा.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. त्यांना गावातच दिलेलं. माहेर आणि सासर यांच्यामध्ये फक्त एक कांदे साठवायची बराख, त्यामुळे सासुरवास आणि माहेरपण त्यांनी एकाच दिवशी दोन-दोनदा भोगलेलं आहे. सकाळी सहाला त्या दुधाची किटली घेऊन डेअरीकडे निघायच्या. डेअरी पन्नास पावलांवर. परतायला साडेनऊ व्हायचे. दूध दीड लिटर. पण जाताना नेलेल्या आणि येताना आणलेल्या बातम्या मोजायचं माप डेअरीत नव्हतं. एकदा उसात बिबट्या शिरला, तेव्हा वनखात्याची माणसं पिंजरा घेऊन आली आणि साहेबाने वहीत नोंद करायला पेन उघडलं. आत्याबाई बांधावरून म्हणाल्या, “लिवा. मादी हाय. खालच्या शिवारात तोडणी झाली म्हून हिकडं आलीया. दोन पिल्लं हायती. बाळंतीन हाय, उगा धावडवू नका तिला.” साहेबाने विचारलं, तुम्ही पाहिलीत का? आत्याबाई म्हणाल्या, “बघाया कशाला पायजे? तिची चाल ऐकली न्हवं मी.” चार दिवसांनी ऊस तुटला. दोन पिल्लं निघाली.

बाळंतपण हा तर त्यांचा खास विषय. पन्नास वर्षांतली गावातली निम्मी पोरं त्यांनी पायावर घेऊन न्हाऊ घातलेली आहेत. आमच्या सरपंचांनाही, म्हणून सरपंच त्यांच्यासमोर आवाज चढवत नाहीत. पोर रडायला लागलं की आत्याबाई त्याला गरम पाण्याखाली सरळ समज द्यायच्या, “लई माज करू नको. तुझा बाप पण ह्याच पायावर केकाटला व्हता, काय वाकडं झालं माझं?” आणि कुणाला दिवस गेले हे ओळखायला त्यांना डॉक्टर लागत नाही. मी मंचरच्या मेडिकलमधून तपासणीची पट्टी पदराखाली लपवून आणली, तर घरी पोचेपर्यंत वाटेत चार बायकांनी माझं अभिनंदन केलं. म्हणजे बातमी कळण्यात मी पाचवी. आणि नवरा सहावा. आदल्या दिवशी जिना उतरताना मी कठड्याला हात लावला होता म्हणे. आत्याबाईंना तेवढा पुरला.

अशा बाईच्या हाती माझं गुपित लागलं.

झालं असं की मला मुलगी झाली. छान झाली, गोरी झाली, आजोबांवर गेली, सगळं सगळ्यांच्या मनासारखं झालं. दूध येतं का, टाके सुकले का, बाळाने शी कुठल्या रंगाची केली, हे येणारा-जाणारा विचारून जाई. माझं काय चाललंय हे मात्र कुणी विचारत नव्हतं, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मी डिंकाचे लाडू खात होते आणि रडत होते. एका हाताने लाडू, दुसऱ्या हाताने डोळे. लेक पाळण्यात रडायला लागली की मला वाटायचं, कुणाचं तरी मूल रडतंय, त्याच्या आईने बघावं. मग घरभर दुसरी आई दिसेना, तेव्हा मीच उठायची. झोप म्हणाल तर लेक झोपली तरी मी जागी. तिचा श्वास चालू आहे का ते बघायला मी इतक्यांदा नाकाशी बोट न्यायची, की तिला तेच बोट आई वाटत असणार.

ती चार महिन्यांची असताना एक दिवस सासूबाई खुरपणीला गेलेल्या, नवरा कामावर. लेक झोपली. मी पाळण्याला दोन झोके दिले, चपला घातल्या, रस्त्यावर आले आणि समोर आलेल्या एसटीत बसले. कुठे जायचं ठरवलं नव्हतं. कंडक्टरने विचारलं तेव्हा तोंडातून नारायणगाव निघालं. नारायणगावला उतरले, स्टँडबाहेर उसाचा रस प्यायले, आणि रिकामा ग्लास खाली ठेवताना एकदम आठवलं की आपल्याला मूल आहे. लोक म्हणतात पायाखालची जमीन सरकते. माझी सरकली नाही. तिथेच घट्ट उभी राहिली, आणि परतीची एसटी काही येईना.

घरी पोचले तेव्हा ओट्यावर आत्याबाई बसल्या होत्या, पाय पसरून, पायांवर माझी लेक. किती वेळ बसल्या होत्या कोण जाणे. त्यांनी माझ्याकडे वर-खाली पाहिलं. आता या विचारणार, कुठं गेली व्हतीस? मग मी काहीतरी सांगणार, मग संध्याकाळच्या दुधाला ते गावभर होणार. आत्याबाई म्हणाल्या, “त्वांड पूस. रस लागलाय वठाला.” आणि लेक माझ्या हातात देऊन गेल्या.

या भीतीला कारण होतं. आमच्या आळीतली एक सून बाळंतपणानंतर अशीच गप्प-गप्प राहायला लागली होती. सासरच्यांनी मूल ठेवून घेतलं आणि तिला ‘बरी झाली की ये’ सांगून माहेरी पोचवलं. बरी झाली हे कुणी ठरवायचं, ते मात्र ठरलं नव्हतं. दीड वर्ष झालं होतं. माझ्या सासूबाईंनी त्या वेळी ओट्यावर धान्य निवडता निवडता निकाल दिला होता, “बरं केलं. लेकराच्या जिवाला घोर नको.” तेव्हा मी पण मान हलवली होती.

मी संध्याकाळी डेअरीशी जाऊन उभी राहिले. आत्याबाई आल्या. त्यांनी गाईचं सांगितलं, कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीचं सांगितलं, भीमाशंकरला धुक्यात वाट चुकलेल्या जीपचं सांगितलं. माझं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला. चौथ्या दिवशी उचकी लागली ती दुपारपर्यंत थांबेना. पाचव्या दिवशी, बुधवारी, त्या दारात उभ्या राहिल्या आणि सासूबाईंना म्हणाल्या, “वयनी, हिला घिऊन जाते मंचरला. कुंचीचा क्लास निघालाय.”

क्लास कुंचीचा, म्हणजे बाळांच्या टोपड्यांचा, नव्हता. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर एक खोली होती, गोलात मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, आणि पाठीवर सॅक अडकवून जुन्नरहून स्कूटरवर येणाऱ्या एक तरुण मॅडम होत्या. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनी एकत्र बसून मनातलं बोलायचं, असा तो गट. दारावर ‘मातृत्व आणि मानसिक आरोग्य’ असा मोठा फलक होता आणि त्यावर डोकं धरून बसलेल्या बाईचं चित्र. मॅडम सहा महिने त्या फलकाखाली बसून होत्या आणि गटात होत्या दोन जणी. साहजिक आहे. त्या चित्राखालून आत जाताना कुणी पाहिलं तर बाहेर येईपर्यंत घरातल्या धाकट्यांच्या सोयरिकी फिसकटायच्या. आत्याबाईंना हा गट कसा कळला, हे विचारू नका. वर सांगितलंच आहे.

मी त्यांचा पदर सोडेना म्हणून मॅडमनी त्यांनाही आत घेतलं, कोपऱ्यात चटईवर लेकरं सांभाळायला, आमच्याकडे पाठ करून. आणि मग नियम सांगितला: इथे बोललेलं इथेच राहील, बाहेर कुणी काही सांगायचं नाही.

आत्याबाई वळल्या. “म्हंजी कुनालाच न्हाई?”

“कुणालाच नाही, आजी.”

“कवापत्तुर?”

“कायमचं.”

आत्याबाईंनी पाणी मागितलं. तांब्याभर प्यायल्या. मग पदराचं टोक तोंडात धरून आमच्याकडे पाठ केली. पाठीला कान असतात हे मी तेव्हा पाहिलं. कुणी रडली की त्यांच्या खांद्याची पाती हलायची.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, की आज तुम्ही स्वतः काय खाल्लं? बाळाने किती वेळा दूध घेतलं हे लेकुरवाळ्या दोघींना मिनिटांसकट पाठ होतं. आपण काय खाल्लं ते तिघींपैकी एकीलाही आठवेना. जुन्नरच्या बांगड्यांच्या दुकानातली एक होती, सातवा महिना लागलेली. ती म्हणाली, “मी पोटातल्याशी बोलतच नाही हो. आधीची दोन्ही ओळख करून देऊन गेली. आता ओळखच नको वाटते.” कुणी तिची समजूत घातली नाही. मॅडमनी सुद्धा नाही. आणि मग मी दुसऱ्या आईचं सांगितलं, त्या न दिसणाऱ्या, आणि एसटीचं, आणि रसाचं. सांगून झाल्यावर वाटलं आता छप्पर पडणार. अवसरीची एक शाळामास्तरीण होती, ती नाक पुसत म्हणाली, “तुमचं बरंय, तुमच्या दारात एसटी तरी थांबते.” मला हसू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. कोपऱ्यात पदर तोंडात ठेवून कुणीतरी खुसखुसलं.

मॅडमनी मला डॉक्टरांकडेही पाठवलं, काही महिने गोळ्या चालू झाल्या. आत्याबाईंनी गावात जाहीर केलं, शिलाईने डोळं दुखत्यात, त्याच्या हायती.

आता या नियमाने आत्याबाईंची काय अवस्था झाली, ते ज्याने पाहिलं त्यालाच कळेल. तीन-तीन बायकांचं खरंखुरं, आतलं, दोन तालुक्यांत कुणाकडे नसलेलं कानावर पडतंय आणि सांगायचं नाही. परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसत, आणि मंचर सुटलं की ओळीने झाडं मोजत. आत कोंडलेलं कुठून तरी बाहेर पडणारच. त्यांनी खरं सांगितलं नाही, म्हणून खोटं दुप्पट सांगितलं. कुंचीचा क्लास त्यांनी असा काही वाढवला की विचारू नका. आधी त्याला सर्टिफिकेट लागलं. मग ती सरकारी योजना झाली. मग अशी बातमी आली की त्या क्लासात शिवलेली कुंची घातली की लेकराला सर्दीच होत नाही. “साधी कुंची न्हाई ती,” डेअरीच्या कट्ट्यावर त्या सांगत, “चौदा कळ्यांची हाय. पुण्याच्या डाक्टरनी पास केलीया.”

याचा परिणाम असा झाला की ज्या सासवांनी त्या फलकाखालून सुनेला जाऊ दिलं नसतं, त्या स्वतः सुनांना एसटीत बसवून द्यायला लागल्या. दोन महिन्यांत गटात अकरा जणी. मॅडम खुर्च्या कमी पडतात म्हणून आनंदात होत्या, पण येणारी प्रत्येक जण पिशवीत कापड, कात्री आणि सुईदोरा घेऊन का येते, हे त्यांना समजेना. समजलं तेव्हा त्यांनी फलकाकडे पाहिलं, आत्याबाईंच्या पाठीकडे पाहिलं, आणि गुपचूप बाजारातून दोऱ्याची रिळं आणली. बरं झालं. हातात सुई असली की मान खाली राहते, आणि मान खाली असली की बाई बोलते. अकरा जणींनी पाच महिन्यांत एकमेकींना काय काय सांगितलं, ते मी लिहिणार नाही, नियम आहे. शिवणाचं सांगते. पाच महिन्यांत एकही कुंची पूर्ण झाली नाही.

आणि नेमकी तीच मागितली गेली. लेकीला पहिल्यांदा, आत्याबाईंसकट सगळ्यांनी मिळून, ओझरच्या विघ्नहराला न्यायचं ठरलं. सासूबाई म्हणाल्या, “क्लासातली कुंची घाल. पाच महिनं शिवतीयास, द्येवाला तरी बघू दे.” मी पिशवीतून काढली. एसटीचं सांगता सांगता जिथे सुई घालायची नाही तिथे घातली गेली होती, आणि कुंचीची तोंडाची बाजूच सबंध शिवून टाकलेली होती. सासूबाईंनी ती उलट केली, सुलट केली, आत हात घालून पाहिला. “ह्यात कांदं ऱ्हातील चांगलं,” म्हणाल्या. ओझर येईपर्यंत त्यांनी ती हातातून खाली ठेवली नाही.

दर्शन झालं. नवरा पेढे आणायला गेला. नदीकडच्या पायऱ्यांवर सासूबाई बसल्या आणि त्यांनी आत्याबाईंना शेजारी बसवलं. लेक माझ्या कडेवर, कुंची सासूबाईंच्या मांडीवर.

“वन्सं,” सासूबाई म्हणाल्या, “द्येवाच्या दारात बसलोय. खरं सांगा. काय चालतं तिथं?”

मी लेकीला इतकी घट्ट धरली की ती कुरकुरली. आत्याबाई तोंड उघडणार, एसटीपासून सुरू करणार, आणि उद्या माझी पेटी माहेरी, लेक इथे. हे मला इतकं स्पष्ट दिसत होतं, जितकी समोरची नदी.

आत्याबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण पायऱ्यांवर एक कुटुंब उतरलं, पाय धुतले, फोटो काढले, भांडलं, परत चढून गेलं, तरी पदर तोंडातच. मग पदरातूनच म्हणाल्या, “न्हाई सांगनार.”

“न्हाई सांगनार?” सासूबाईंचा आवाजच चिरकला. “तुमी?”

“दुसरीचं सांगायचं न्हाई, असा तिथला नेम हाय वयनी. सोताचं सांगाया मनाई न्हाई. माझं सांगते.” त्यांनी पदर तोंडातून काढला. “माझा ल्योक झाला तवा, दीड म्हैन्याचा व्हता. दुपारचं त्याला बांधावर ठिवला, झाडाखाली. आन निगाले. कुटं जायाचं काय ठरवलं न्हवतं. निस्ती चालत…”

“घोडनदीकडं,” सासूबाई म्हणाल्या.

आत्याबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“मला काय सांगताय वन्सं? मीच आनलं न्हवं तुमाला म्हागारी. लुगडं वलं व्हतं गुडघ्याच्या वर. मी नवी नवरी, तुमाला धरायचं कसं ते बी कळना. पोर एका काखंत, तुमी एका हाताला.”

“तुमी सांगितलं न्हाई कुनाला.”

“सांगून काय करायचं व्हतं? सांगितलं असतं तर पोर काढून घेतलं असतं तुमचं. तुमाला कुटं ठिवलं असतं, द्येव जानं…”

आणि इथे सासूबाई थांबल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. मग मांडीवरच्या कुंचीकडे. बराच वेळ त्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग केसातून आकडा काढला आणि एकेक टाका उसवायला लागल्या. तोंडाएवढी जागा मोकळी झाली तशी त्यांनी ती कुंची लेकीच्या डोक्यावर चढवली आणि गाठ मारली. लेक त्यातून विघ्नहराच्या कळसाकडे आश्चर्याने बघायला लागली.

“बुधवार चुकवायचा न्हाई,” सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्या आळीतल्या त्या सुनेच्या सासूकडे हळदीकुंकवाचं निमित्त करून दोनदा गेल्या. तिथे काय बोलल्या ते मला माहीत नाही. सून महिन्याभराने परत आली, आणि तिच्या पिशवीत कापड होतं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत आत्याबाईंनी आम्हाला रस्त्याकडेच्या प्रत्येक घराची भांडणं सांगितली. ओझरपासून गावापर्यंत श्वास घेतला नाही.

आता त्या चाकणला लेकाकडे असतात. तोच लेक, बांधावरचा. कंपनीत आहे, दिसायला सरपंचापेक्षा बरा आहे. तो माझ्या नवऱ्याला फोनवर सांगतो, आईचं तोंड एक मिनिट बंद नसतं, मी लहान होतो तेव्हापासून हेच, हिला गप्प बसायची भीती वाटते की काय कोण जाणे. सोसायटीतल्या चारही इमारतींची सगळी माहिती आता त्यांच्याकडे आहे. गावातला भोंगा मात्र पंचायतीला परत बसवावा लागला. काय सांगतोय ते निम्मं कळत नाही.

गट चालू आहे. कोपऱ्यातली लेकरं आता मी सांभाळते, पाठ करून. दर बुधवारी, गट सुटायच्या वेळेला, माझा फोन वाजतो.

“किती जनी व्हत्या?”

“तेरा.”

“नवी?”

“एक.”

“रडली?”

मी काही बोलत नाही.

“बरं, बरं. नगं सांगू,” आत्याबाई म्हणतात. आणि फोन ठेवत नाहीत. मीही ठेवत नाही.